भर उन्हात जुन्या रोलच्या कॅमेऱ्यावर फ्लॅश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी रंकाळ्यावर जुने कॅमेरे घेऊन आम्ही काही जण फिरतो. कुणाकडं वडिलांचा पेंटॅक्स, कुणाकडं बंद झालेल्या स्टुडिओतनं घेतलेला याशिका मॅट, आणि नवीन माणूस आला की हमखास विचारतो, ऊन एवढं लख्ख असताना तुम्ही फ्लॅश का लावलाय. तिथनं जे प्रश्न सुरू होतात ते सगळे इथं एकत्र लिहून ठेवतोय, म्हणजे दर वेळी चहा गार होणार नाही. उत्तरं माझ्या वापरातली आहेत, आकडेमोड सगळी साधी आहे, शाळेतल्या भागाकाराएवढीच.

प्रश्न: उन्हात एवढा उजेड असताना फ्लॅश कशाला?

उजेड आहे म्हणूनच. आपल्या कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, आणि लग्नंही तेव्हाच, मुहूर्तही साडेबाराचा. डोक्यावरनं ऊन पडलं की कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढरा होतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या. त्यात डोक्याला फेटा किंवा गांधी टोपी असली तर अर्धा चेहराच सावलीत. आपल्या डोळ्याला ते जाणवत नाही कारण डोळा सावलीतलंही बघून घेतो, पण रोलला तेवढं जमत नाही, निगेटिव्ह धुवून आल्यावर डोळ्यांच्या जागी नुस्ते दोन खड्डे दिसतात. फ्लॅशचं काम इथं अंधार घालवायचं नाही, त्या खड्ड्यात थोडा उजेड टाकायचं आहे. एवढाच टाकायचा की फोटो बघणाऱ्याला फ्लॅश मारलाय हे कळता कामा नये. पुढचं सगळं हे 'एवढाच' म्हणजे किती, आणि जुना कॅमेरा त्यात कुठं आडवा येतो, याच्यासाठीच आहे.

प्रश्न: सिंक स्पीड म्हणजे काय, माझ्या कॅमेऱ्याचा किती?

एसएलआर कॅमेऱ्यात, म्हणजे लेन्समधनंच बघून फोटो काढायच्या कॅमेऱ्यात, रोलच्या पुढं दोन पडदे असतात. पहिला पडदा सरकून रोल उघडा करतो, दुसरा मागनं येऊन झाकतो. शटर स्पीड (रोल किती वेळ उघडा राहतो ते) कमी असेल, म्हणजे १/३० किंवा १/६० सेकंद, तर एक क्षण असा येतो की पहिला पूर्ण गेलाय आणि दुसरा अजून निघायचाय, सगळी फ्रेम उघडी. फ्लॅश त्याच क्षणी पेटला पाहिजे. स्पीड वाढवला की पडदे काही जोरात पळत नाहीत, दुसरा लवकर निघतो एवढंच, मग फ्रेम सगळी एकदम कधी उघडीच होत नाही, एक फट सरकत जाते. सगळी फ्रेम उघडी राहणारा जो सगळ्यात जास्त स्पीड, तो तुमचा सिंक स्पीड.

कापडी पडदा आडवा पळणाऱ्या कॅमेऱ्यांचा बहुतेक १/६०: पेंटॅक्स के१०००, कॅनन एई-१, ऑलिंपस ओएम-१, मिनोल्टा एक्स-७०० सगळे १/६० वालेच. धातूचा पडदा वरनं खाली पळतो त्यांचा १/१२५, म्हणजे निकॉन एफएम, एफएम१०, याशिका एफएक्स-३. निकॉन एफई२ चा १/२५०, एफएम२ चा आधी १/२०० होता नंतरच्यांना १/२५० आला. रशियन झेनिट-ई असेल तर १/३०, त्याच्याबद्दल खाली बोलू. डायलवर तो आकडा वेगळ्या रंगात असतो किंवा शेजारी एक्स नाहीतर विजेची खूण असते, बघून घ्या.

प्रश्न: सिंकपेक्षा जास्त स्पीडला मारला तर काय होतं? पुस्तकात लिहिलंय अर्धा फोटो काळा येतो, माझा तर आला नाही.

काळा येतो तो रात्री. दिवसा काळा येत नाही आणि तिथंच माणूस फसतो. उन्हाचा उजेड सगळ्या फ्रेमवर पडलेलाच असतो, फक्त फ्लॅश एका पट्टीवरच पडतो, त्यामुळं प्रिंट लहान असेल तर लक्षातही येत नाही.

माझ्या मावस बहिणीच्या लग्नात मांडवाबाहेर ग्रुप फोटो काढला, के१००० होता, ऊन जास्त म्हणून मी १/२५० वर ठेवला आणि फ्लॅश मारला. १/६० वाल्या कॅमेऱ्याला १/२५० वर फ्रेमचा साधारण पाव भागच फ्लॅशला सापडतो. कडेच्या दोघांचे चेहरे स्वच्छ आले, आणि मधोमध खुर्चीवर आजी बसली होती तिच्या डोळ्यांत अंधार. आजीचा नऊवारीतला, सगळ्या नातवंडांसोबतचा तो एकच फोटो आहे माझ्याकडं. तेव्हापासनं फ्लॅश लावला की पहिला हात शटरच्या डायलवर जातो.

प्रश्न: बरं, मग उन्हात नेमकं काय लावायचं ते सांगा की.

दोन पायऱ्या आहेत. पहिली उन्हाची, दुसरी फ्लॅशची. गोंधळ होतो तो दोन्ही एकदम करायला गेलं की.

पहिली पायरी. शटर सिंक स्पीडवर ठेवा आणि फ्लॅश नाहीच असं समजून ऊन मोजा. कॅमेऱ्यातला उजेड मोजायचा मीटर बंद असेल तरी चालतं, कडक उन्हात १०० चा रोल (हा आकडा म्हणजे आयएसओ, रोल उजेडाला किती तेज ते) असेल तर १/१२५ ला एफ/१६ (एफचा आकडा म्हणजे अपर्चर, लेन्समधलं भोक, आकडा मोठा तेवढं भोक लहान) हा जुना हिशेब बरोबर येतो. त्यावरनं १/६० ला एफ/२२, आणि १/२५० ला एफ/११. आता के१००० बरोबर येणारी ५० ची लेन्स एफ/२२ पर्यंत जाते, म्हणजे १०० चा रोल कडेकडेनं बसला. २०० चा रोल घातला तर एक स्टॉप जास्त पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, एफ/११ ते एफ/१६ एक स्टॉप), कलर निगेटिव्ह असेल तर तो सहज पोटात घालतो, काळजी करू नका. स्लाइडचा रोल असेल तर मात्र घालणार नाही, पांढरंफटक होईल.

दुसरी पायरी फ्लॅशची. फ्लॅशगनवर गाइड नंबर असतो, मीटरमध्ये आणि १०० आयएसओला धरून. गाइड नंबर भागिले अंतर म्हणजे पूर्ण उजेडाचं अपर्चर. समजा गाइड नंबर २८ आणि कॅमेरा एफ/१६ वर आहे. २८ भागिले १६ म्हणजे पावणेदोन मीटर, तिथं उभ्या माणसावर फ्लॅश उन्हाच्या बरोबरीनं पडेल. ते आपल्याला नकोय, बरोबरीचा फ्लॅश म्हणजे पासपोर्ट फोटो कापून देखाव्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. आपल्याला एक ते दोन स्टॉप कमी पाहिजे. माणूस अडीच मीटरवर उभा केला तर २८ भागिले २.५ म्हणजे एफ/११, आपण आहोत एफ/१६ वर, म्हणजे फ्लॅश एक स्टॉप कमी. साडेतीन मीटरवर २८ भागिले ३.५ म्हणजे एफ/८, दोन स्टॉप कमी. म्हणजे काय झालं, तर २८ नंबरची गन फुल पॉवरवर ठेवून एफ/१६ ला अडीच ते साडेतीन मीटरमध्ये कुठंही उभे राहा, फिल, म्हणजे सावलीत भरायचा हा उजेड, बरोबर येणार. कसलं बटण दाबायचं नाही, फक्त पावलं मोजायची. जुन्या स्टुडिओवाल्या मंडळींना हे पावलातच पाठ असायचं.

लहान गन असेल, गाइड नंबर २०, तर तोच हिशेब १.८ ते अडीच मीटरचा होतो. पोर्ट्रेटला भरपूर झालं.

माझी स्वतःची आवड दीड स्टॉप कमी. एक स्टॉपला आपल्या सावळ्या चेहऱ्यांवर, विशेषतः घाम आलेला असला की कपाळ चमकायला लागतं, आणि दोन स्टॉपला फेट्याखालचे डोळे पुरते उघडत नाहीत.

प्रश्न: माणूस उन्हाकडं तोंड करून उभा करू का पाठ करून?

पाठ करून. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं कारण लहानपणापासनं आपल्याला सांगितलंय की सूर्य फोटोवाल्याच्या पाठीला पाहिजे. त्या नियमानं सगळं घर डोळे बारीक करून उभं असतं, जुने अल्बम काढून बघा. सूर्य त्यांच्या पाठीला गेला की डोळे उघडे राहतात, केसांना आणि पदराच्या काठाला उजेडाची कड येते, आणि चेहरा सगळा सारख्या सावलीत येतो, कुठं डाग नाही काही नाही. त्या सावलीत फ्लॅश घालायचा. एक्स्पोजर, म्हणजे शटर आणि अपर्चर, मात्र मागच्या उन्हातल्या जागेचं ठेवा, चेहऱ्याचं मोजू नका, नाहीतर मागचा पन्हाळा सगळा धुऊन जाईल.

लेन्समध्ये सूर्य थेट येत नाही एवढं बघा, जुन्या लेन्सचं कोटिंग साधं असतं, धुरकट येतं.

प्रश्न: शटर बदललं की फ्लॅशचा उजेड कमी होतो का?

नाही. फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहून लवकर संपतो, शटर १/६० असलं काय नि १/३० असलं काय त्याला पत्ता नसतो. फ्लॅशवर परिणाम करतात अपर्चर, अंतर आणि रोलचा आयएसओ. उन्हावर परिणाम करतं शटर आणि अपर्चर दोन्ही. हे एक वाक्य वहीत लिहून ठेवा, बाकीचे अर्धे प्रश्न त्यातनंच सुटतात.

प्रश्न: ४०० चा रोल घातला तर फ्लॅश लांबपर्यंत जाईल ना?

रात्री जाईल, उन्हात नाही जाणार. ४०० ला गाइड नंबर दुप्पट होतो हे खरं, २८ चा ५६. पण ऊन पण त्याच रोलवर पडतंय ना, त्यासाठी अपर्चर दोन स्टॉप बंद करायला लागतं, आणि दोन स्टॉप बंद म्हणजे पल्ला परत निम्मा. जिथल्या तिथं. उलट १/६० च्या कॅमेऱ्याला ४०० च्या रोलला कडक उन्हात एफ/४५ लागेल, तो तुमच्या लेन्सवर नाहीच. म्हणून उन्हात फ्लॅश वापरायचा ठरवून बाहेर पडत असाल तर रोल १०० चा घ्या, एक्टार १०० किंवा ब्लॅक अँड व्हाइटमध्ये एफपी४ सारखा १२५ चा. कोडॅक गोल्ड २०० चालतो. ४०० चा रोल आधीच कॅमेऱ्यात असेल तर आंब्याच्या झाडाखाली नाहीतर वाड्याच्या सोप्यात सावलीत या, तिथं तीन-चार स्टॉप उजेड कमी असतो आणि मग सगळं जमतं.

प्रश्न: एनडी फिल्टर लावून जमतं म्हणतात?

जमतं, पण तो काय करतो हे समजून लावा. एनडी म्हणजे गॉगल. तो ऊनही कमी करतो आणि फ्लॅशही तेवढाच कमी करतो, त्यामुळं फ्लॅशचा पल्ला अजिबात वाढत नाही. दोनच फायदे. एक, ४०० चा रोल अडकला असेल तर अपर्चर परत लेन्सच्या आवाक्यात येतं, एनडी८ म्हणजे तीन स्टॉप. दुसरा, उन्हात एफ/५.६ किंवा एफ/८ वर काढून मागची गर्दी धूसर करता येते.

झेनिट-ईवाल्यांना तर हा लागतोच. १/३० ला १०० च्या रोलला एफ/३२ पाहिजे, हेलिओस लेन्स एफ/१६ वर थांबते, मधले दोन स्टॉप एनडी४ नं भरायचे. फक्त एनडी लावला की व्ह्यूफाइंडर काळोखा होतो, त्यामुळं आधी फोकस करा आणि मग फिल्टर चढवा.

प्रश्न: याशिका मॅटनं काढलेले तुमचे फोटो वेगळेच दिसतात, काय करता?

मी वेगळं काही करत नाही, शटर वेगळं आहे. याशिका मॅट, रोलायफ्लेक्स, हॅसलब्लाड ५००, मामिया आरबी६७, कॅनोनेट यांचं शटर लेन्समध्येच असतं, पाकळ्यांचं. फुलासारखं उघडतं आणि मिटतं, त्यामुळं कुठल्याही स्पीडला एकदा तरी पूर्ण उघडं असतंच आणि फ्लॅश सगळ्या स्पीडला चालतो. याशिका मॅटवर १/५०० पर्यंत.

याचा फायदा किती ते आकड्यात बघा. १०० चा रोल, कडक ऊन. के१००० वर १/६० आणि एफ/२२, तिथं २८ नंबरची गन पूर्ण उजेड देते फक्त सव्वा मीटरपर्यंत. याशिका मॅटवर १/५०० आणि एफ/८, तीच गन, तेच ऊन, पूर्ण उजेड साडेतीन मीटरपर्यंत. जवळपास तिप्पट लांब. के१००० वर तेवढं गाठायला आठपट ताकदीची गन लागेल. नवीन माणसं भारी गनवर पैसे घालतात आणि घरच्या माळ्यावर आजोबांचा पाकळ्यांच्या शटरचा कॅमेरा धूळ खात पडलेला असतो, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. उन्हातल्या फ्लॅशसाठी तो कॅमेरा लई भारी आहे, आधी तो काढा, शटर साफ करून घ्या.

प्रश्न: कॅमेऱ्यावर एक्स आणि एम अशी खिट्टी आहे, कुठं ठेवू?

एक्सवर, नेहमी. एम हे जुन्या फ्लॅश बल्बसाठी. बल्ब पेटून पूर्ण तेजात यायला साधारण २० मिलिसेकंद घेतो म्हणून एमवर कॅमेरा आधी फ्लॅशला इशारा देतो आणि मग शटर उघडतो. आपली इलेक्ट्रॉनिक गन इशारा मिळताच पेटते आणि विझते, शटर उघडेपर्यंत सगळं संपलेलं. गन पेटलेली तुम्हाला दिसते, रोलवर काहीच नाही. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकवर दोन भोकं असतात, एफपी आणि एक्स, तिथंही गनची वायर, म्हणजे कॉर्ड, एक्समध्येच. काही कॅमेऱ्यांवर तिसरं अक्षर व्ही असतं, तो सेल्फ टायमर, आणि जुन्या कॅमेऱ्याचा सेल्फ टायमर अडकला की दुरुस्तीला टाकायला लागतो, त्याला हातच लावू नका.

प्रश्न: माझी गन ऑटो आहे, समोर सेन्सरवाली. तिला कमी उजेड द्यायला कसं सांगायचं?

तिला खोटं सांगायचं. कॅमेरा एफ/१६ वर आहे, गनला सांगा एफ/८. ती बिचारी एफ/८ ला पुरेल एवढाच उजेड देऊन थांबते, तुमच्या एफ/१६ ला तो दोन स्टॉप कमी पडतो, हेच पाहिजे होतं. गनवर एफ/८ ची सोय नसेल तर आयएसओ खोटा सांगा, रोल १०० चा आणि गनवर ४००, परिणाम तोच. दीड स्टॉप पाहिजे असेल तर २५० ते ३२० च्या आसपास.

मागं एकदम मोकळं आभाळ असेल किंवा समोर पांढरं धोतर, पांढरा सदरा असेल तर सेन्सर फसतो. मी उन्हात मॅन्युअलच वापरतो, अंतर मोजलेलं कधी फसवत नाही.

प्रश्न: टीटीएल असलेला कॅमेरा आहे, एफई२.

मग सोपं आहे, टीटीएल म्हणजे लेन्समधनं आत आलेला फ्लॅशचा उजेड कॅमेराच मोजतो. कॅमेरा मॅन्युअलवर घ्या, उन्हाचं शटर-अपर्चर लावून टाका, आणि मग आयएसओचा डायल दीड-दोन स्टॉप वर फिरवा. मॅन्युअलवर त्या डायलनं उन्हाचं एक्स्पोजर बदलत नाही, फक्त टीटीएल फ्लॅश कमी होतो. ऑटोवर हे करू नका, दोन्ही कमी होईल. रोल संपला की डायल जागेवर आणायला विसरू नका.

निकॉन एफ८०१ वर एसबी-२४ गन लावली तर हा सगळा हिशेब कॅमेरा स्वतः करतो, १९८८ च्या कॅमेऱ्याच्या मानानं फार चांगला करतो. आणि ऑलिंपस ओएम-४टीआय असेल कुणाकडं, त्याच्या एफ२८० गननं १/२००० पर्यंत सिंक होतं, १९८६ मध्ये हे दुसऱ्या कुणाकडं नव्हतं, पण उजेड फार कमी होतो, जवळच्याच माणसाला.

कॅनन एई-१ वाल्यांसाठी: कॅननची त्याच्याच जोडीची गन लावली की तिचा तयार असल्याचा दिवा लागताच कॅमेरा आपोआप १/६० वर जातो. ते ठीक आहे, पण लेन्सची अपर्चर रिंग ए (ऑटो) या खुणेवरनं फिरवून अपर्चर हातानं लावा, नाहीतर गन अंधाराच्या हिशेबानं अपर्चर निवडेल आणि फोटो जळून येईल.

प्रश्न: फ्लॅशवर रुमाल टाकतात तो कशाला, मऊ उजेडासाठी?

बाहेर उन्हात मऊ वगैरे काही होत नाही, उजेडाचा आकार रुमालानं वाढत नाही. फक्त कमी होतो. पांढऱ्या सुती रुमालाची एक घडी साधारण एक स्टॉप खाते, जाड असेल तर जास्त. ज्या गनला पॉवर कमी करायची सोय नाही आणि जवळनं काढायचंय, तिथं रुमाल उत्तम. पांढराच घ्या, रंगीत रुमाल चेहरा रंगवतो.

प्रश्न: संध्याकाळी रंकाळ्यावर काढले, मागचं सोनेरी छान आलंय पण चेहरे निळसर पांढरे का?

कारण फ्लॅशचा रंग दुपारच्या उन्हाचा असतो, ५५०० केल्विनच्या आसपास. दुपारी दोन्ही जुळतात, कळत नाही. शालिनी पॅलेसच्या मागं सूर्य उतरायला लागला की ऊन केशरी होतं आणि फ्लॅश तसाच राहतो. गनच्या तोंडावर फिकट केशरी जिलेटिन पेपर लावा, नाटकाच्या लायटिंगवाल्यांकडं तुकडा मिळतो, सेलो टेपनं चिकटवला की झालं. गडद नको, हळदीच्या कार्यक्रमातला फोटो होईल. जिलेटिन थोडा उजेड खातो तेवढं एक पाऊल पुढं या.

प्रश्न: जोतिबाच्या यात्रेत गुलालात फ्लॅश मारला, सगळ्या फोटोवर पांढरे ठिपके.

ते गुलालाचे कण. फ्लॅश लेन्सच्या शेजारी बसलेला, कण लेन्सच्या पुढ्यात अर्ध्या फुटावर, माणूस तीन मीटरवर. जवळच्या कणावर कित्येक पटीनं जास्त उजेड पडतो आणि तो धूसर पांढरा गोळा होऊन उमटतो. गन हॉट शूवरनं, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेतनं, काढा, सिंक कॉर्ड लावा आणि डावा हात लांब करून वर आणि बाजूला धरा. निम्म्याहून जास्त ठिपके जातात. पण खरं सांगू का, चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचत असताना गुलालाच्या ढगातनं ऊन येतं तेव्हा फ्लॅश बंदच ठेवा, तो गुलाबी उजेड स्वतःच सगळ्यांच्या तोंडावर पसरलेला असतो, त्याच्यापेक्षा चांगला फिल कुठली गन देणार नाही.

आणि तिथं रोल बदलू नका. गुलाल पडद्यात गेला की कॅमेरा उघडून साफ करण्याशिवाय इलाज नाही. बदलायलाच लागला तर पिशवीत हात घालून.

प्रश्न: फ्लॅशऐवजी रिफ्लेक्टर नाही का चालणार?

चालतो की, आणि कोल्हापुरात हे विचारायलाच नको. बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा इथं बनवला, १९२९ मध्ये प्रभात इथंच सुरू झाली, सिनेमावाले उन्हात चेहऱ्यावर उजेड टाकायला चंदेरी कागद लावलेले बोर्डच धरायचे. रिफ्लेक्टरचं मोठं सुख म्हणजे उजेड आधीच दिसतो आणि सिंक स्पीडची कटकट नाही, १/१००० ला काढा. दुःख म्हणजे धरायला एक माणूस लागतो, वारा असला की तो माणूस आणि बोर्ड दोन्ही उडतात, आणि समोरच्याच्या डोळ्यावर चमकतं म्हणून तो परत डोळे बारीक करतो. एकट्या-दुकट्याच्या पोर्ट्रेटला थर्माकोलची शीट घ्या, चंदेरीपेक्षा मऊ. वरातीत फ्लॅश.

प्रश्न: कुठं फ्लॅश मारायचाच नाही?

खासबाग मैदानात वरच्या पायरीवरनं कुस्तीला मारू नका. दहा मीटरवर २८ नंबरची गन एफ/१६ ला पाच स्टॉप कमी पडते, म्हणजे काहीच नाही, आणि खाली डाव चाललेला असताना पैलवानाच्या डोळ्यावर चमकलेलं बरं नव्हे. तालमीत आधी वस्तादांना विचारा. शर्यतीच्या बैलांसमोर, घोड्यासमोर कधीच नाही. देवळात तर कॅमेराच आत न्यायचा नसतो. आणि ढगाळ पावसाळी दिवशी उजेड मुळातच सगळीकडनं येतो, तेव्हा गन घरी ठेवा.

प्रश्न: चष्मा, टोपी, लेन्स हुड?

चष्म्यावर चमकतं, मान जराशी खाली घ्यायला सांगा किंवा गन बाजूला धरा. टोपीचं उत्तर वर आलंच. लांब हुड असेल तर काढा, फोटोच्या खालच्या बाजूला त्याची अर्धगोल सावली पडते.

प्रश्न: माझ्याकडं साधा प्लास्टिकचा ऑटो कॅमेरा आहे.

विजेची खूण येईपर्यंत बटण दाबा, ऑटो लिहिलेली खूण नको, नुस्ती वीज, म्हणजे उन्हातही फ्लॅश पेटणारच. दीड ते अडीच मीटरमध्ये राहा. बस एवढंच, आणि फोटो चांगले येतात.

प्रश्न: जुन्या बाजारातनं गन घेतलीय, पंधरा-वीस वर्षं बंद असेल. लगेच लावू का?

थांबा. आधी सेलचा कप्पा बघा, हिरवट पांढरं साचलं असेल तर व्हिनेगरचा कापूस फिरवून पुसून कोरडं करा. नवे पेन्सिल सेल घाला, चालू करा आणि कॅमेऱ्याला न लावता नुस्ती ठेवा. आतला कपॅसिटर इतकी वर्षं बंद राहून आळसावलेला असतो, त्याला हळूहळू जागं करायला लागतं. दिवा लागला की पाचेक मिनिटं तशीच चार्ज राहू द्या, मग टेस्ट बटण दाबा, परत तसंच, असं आठ-दहा वेळा. बॉडी तापायला लागली किंवा वास आला तर बंद करून टाका. उघडून बघायला जाऊ नका, आत तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि सेल काढल्यावरही बराच वेळ राहतात. हे मी गंभीरपणे सांगतोय.

अजून एक. जुन्या काही गन, व्हिविटार २८३ चे सुरुवातीचे पीस धरून, हॉट शूमधनं दोनशेच्या वर व्होल्ट सोडतात. के१००० किंवा एफएमसारख्या मेकॅनिकल कॅमेऱ्याला त्यानं काही होत नाही, पण इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यावर आणि घरातल्या डिजिटलवर चुकूनही चढवू नका. आणि दिवा लागला म्हणजे गन पूर्ण भरली असं नाही, दिवा आधीच लागतो, अजून चार-पाच सेकंद थांबून मग मारा, नाहीतर दीड स्टॉपच्या जागी दोन-अडीच स्टॉप कमी येईल आणि तुम्ही हिशेबाला दोष द्याल.

प्रश्न: रोल वाया न घालवता सिंक बरोबर आहे का ते कसं बघायचं?

रोल नसताना मागचं झाकण उघडा. अपर्चर पूर्ण उघडं, शटर सिंक स्पीडवर, गन लावून पांढऱ्या भिंतीकडं धरा आणि मागनं लेन्सच्या दिशेनं बघत बटण दाबा. चौकोन पूर्ण पांढरा चमकला तर सिंक बरोबर. कडेला काळी पट्टी दिसली तर एक स्पीड खाली येऊन परत बघा. जुन्या कॅमेऱ्यात पडदे सुस्त झालेले असतात, डायलवर १/६० लिहिलेलं असलं तरी १/३० लाच पूर्ण दिसेल असे पीस मी बघितलेत. तसं असेल तर १/३० धरूनच पुढचा हिशेब करा.

मग एक रोल यासाठीच घाला. एकाच माणसाला दुपारी एकाच जागी, पाठीला सूर्य करून उभं करा आणि दोन, अडीच, तीन, साडेतीन मीटरवरनं एकेक, शिवाय एक बिनफ्लॅशचा. प्रत्येक फ्रेमचं अंतर आणि अपर्चर वहीत लिहा. लॅबवाल्याला सांगा की स्कॅन करताना प्रत्येक फोटो वेगवेगळा उजळ-काळा करू नका, सगळे एकाच सेटिंगला ठेवा, नाहीतर तो चांगल्या मनानं सगळे सारखे करून देतो आणि फरक दिसतच नाही.

फेटेवाला कुणी मिळाला तर त्यालाच उभा करा.